ढोलीचं लिंपण

"...अन् मी म्हणते, माझंच का खरं मानत नाहीत, बाबा? एवढ्या गावात एकानं तरी म्हणावं, धोंडा बोलते त्यात काही असेल?"

कमालशा फकीर पिराच्या चिऱ्याला टेकून वाकळेला टाके घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"सुईत दोरा ओवून दे," तो म्हणाला.

धोंडाबाईनं सुई घेतली. एका झटक्यात दोरा ओवला.

"डोळे चांगले आहेत तुझे."

"तेच तर सांगतेय. डोळे चांगले म्हणून मला दिसलं. बाकीचे आंधळे, त्याला मी काय करू?"

फकीर टाका घालू लागला.

धोंडाबाई भांडणात कधी हरली नव्हती, आणि चूल घालण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिच्या लिंपणावर बोटाची रेघ शोधून सापडायची नाही. आजवर दोन्ही गोष्टींचा तिला अभिमान होता. काल दुसरी गोष्ट उलटली.

जाखाई देवीच्या राईत, देवळाला लागून, जुना बेहडा होता. देवीच्या नव्या सभामंडपाला तो आड येत होता. विठोजी गावकारानं तो तोडायचं ठरवलं. राईतली काडी कुणी मोडत नाही, पण काम देवीचंच आहे, म्हणाला, देवी कशाला रागावेल?

आणि त्याच बेहड्यात यंदा ककणेर आली होती.

मोठ्या चोचीचं, शिंगाच्या टोपीचं ते पाखरू. धोंडाबाईनं ते लहानपणी पाहिलं होतं. मग राईभोवतीची रानं जळाली आणि ककणेर गेली ती गेलीच. यंदा पांगारा फुलला, कुसुंबाला तांबडी पालवी फुटली, आणि एका सकाळी डोक्यावरून पंखांचा, लोहाराच्या भात्यासारखा आवाज गेला. धोंडाबाईनं डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि त्या आवाजामागं धावली.

जोडी होती. मादी ढोलीत आत-बाहेर करत होती. मग ती अंडी घालायला आत गेली ती बाहेर आलीच नाही. आतून तिनंच ढोलीचं तोंड मातीनं लिंपून बंद केलं. मधे एक चीर तेवढी उरली, आणि नर त्या चिरेतून उंबरं भरवू लागला.

धोंडाबाईनं हे चव्हाट्यावर सांगितलं. मंडळी बघायला आली. मोठ्यानं बोलत आली, सोबत कुत्री आली. नर कशाला थांबतोय? लोकांनी ढोलीचं लिंपण पाहिलं. मग धोंडाबाईच्या हातांकडं पाहिलं.

"धोंडे," गावकार म्हणाला, "चूल घालायला घरं संपली काय? झाडावर चढलीस ती?"

सगळे हसले.

"मी जाखाईची आण घेतली, बाबा. म्हटलं, मी नाही लिंपलं. तरी हसले."

"मग?"

"मग काय? उद्या सकाळी येणार. आधी कोयतीनं लिंपण फोडणार, माझा खोटेपणा गावाला दाखवणार, मग झाड पाडणार. आतली उघडी पडेल. तिची पिसं गळलीत. उडायची कशी?"

"पिसं गळली, हे तुला कुणी सांगितलं?"

"ढोलीखाली पडलीत. मी बघते ना रोज."

फकिरानं दोरा दातानं तोडला.

"तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही खोटं बोलत नाही, हे गाव जाणतं."

"मी पाहिलेलं नाही."

"मग उठा की. इथं बसून दिसणार आहे होय?"

तो उठला.

दोघं राईत जाऊन एका खोडामागं बसली. तांबट पक्षी टुक टुक करत होता. कुठंतरी सुकलेल्या पानांत काहीतरी सरपटलं. धोंडाबाई दोनदा बोलायला गेली, दोनदा फकिरानं तिच्याकडं नुसतं पाहिलं.

मग भाता वाजला. नर फांदीवर उतरला. गळ्यातून एकेक उंबर वर काढून चिरेत देऊ लागला. आतून चोचीचं टोक यायचं, उंबर घ्यायचं, जायचं.

नर उडून गेला. फकीर बराच वेळ तिकडंच बघत राहिला.

"आतली ओरडत नाही?" त्यानं विचारलं.

"कशाला ओरडेल?"

"तो यायला उशीर करत असेल. एखाद्या दिवशी येतही नसेल."

"तिला ठाऊक असतं, तो येणार."

"कसं?"

धोंडाबाईनं ढोलीकडं पाहिलं. तिनं कधी तसा विचारच केला नव्हता. काळोखात, आपल्याच हातानं दार बंद करून, ती बया आत काय करत असेल? घाबरत असेल का? बाहेर पांगारा फुललाय, हे तिला कळत असेल का?

"लिंपण कुणाचं हे?" फकीर म्हणाला.

"तिचंच. किती वेळा सांगू?"

"पाखराचं लिंपण कुणी फोडलं तर?"

"तर काय? पाखराला कोण विचारतो?"

"आणि तुझं?"

धोंडाबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं.

त्या गावात रीत होती. बाईनं घातलेली चूल तिनंच मोडायची. दुसऱ्याचा हात लागला तर घराचं अन्न रुसतं, म्हणत. गावकाराच्या घरची चूल खचली तेव्हा धोंडाबाई माहेरी होती. ती येईपर्यंत गावकाराच्या अंगणात तीन दगड मांडून भात शिजला, पण चुलीला कुणी हात लावला नाही.

"म्हणजे... मी लिंपलं म्हणून सांगू?"

फकीर उठून शेजारच्या झऱ्याकडं गेला.

"चार माणसांत देवीची आण घेतलीय मी. आता जाऊन म्हणू, खोटी आण घेतली? मी? उद्या कोण उभं करील मला दारात? बाबा, तुमच्याकडं खरं सांगायला आले, तुम्ही मला खोटं शिकवताय."

फकिरानं वाकून झऱ्याकाठचा चिखल उचलला. त्याचा गोळा तिच्या हातावर ठेवला.

"लिंप."

"काय लिंपू?"

त्यानं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

धोंडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "दाढी पिकली, पण बाईमाणसाशी बोलायची अक्कल नाही आली," असं तोंडावर म्हणून ती तरातरा घरी आली. उंबऱ्यात आल्यावर तिला कळलं, गोळा अजून मुठीत होता.

सकाळी गावकार माणसं घेऊन आला तेव्हा धोंडाबाई बेहड्याखाली उभी होती. कोपरापर्यंत हात चिखलानं भरलेले. पिराच्या बाजूनं फकीरही येऊन बसला होता.

"मी लिंपलं," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"ऐकायला येत नाही? मी लिंपलं. माझं लिंपण आहे, मोडीन तर मी मोडीन. पावसाच्या तोंडाला मोडीन. तोवर ह्याला हात लावायचा नाही, आणि झाडालाही नाही."

गावकाराला हेच हवं होतं, आणि हेच नको होतं. शिडीवर चढलेल्या गड्यानं कोयती खाली घेतली.

"आण घेतली होतीस ना?" गावकार म्हणाला.

"घेतली होती."

"मग?"

"मग जाखाई बघून घेईल मला. तू कोण?"

एवढ्यात गावकाराची बायको, काशी वैनी, देवीचा नारळ घेऊन आली. तिनं गड्याला उतरवलं, पदर खोचला आणि स्वतः शिडी चढली. लिंपण जवळून पाहिलं.

"हे हिचं नाही," वैनी म्हणाली.

"वैनी, तू गप," धोंडाबाई म्हणाली.

"कशी गप? माझी चूल हिनं घातलीय. आरशासारखी. ह्यात उंबराच्या बिया आहेत, शीट आहे, सगळं खडबडीत. असलं लिंपण करायच्या आधी ही हात तोडून देईल."

"घाईत केलं."

"घाईत? तू? माझ्या पोरीच्या लग्नात वऱ्हाड ताटावर बसायची वेळ झाली, तरी चूल मनासारखी येईना म्हणून मोडून पुन्हा घातलीस. जळलं मेलं लक्षण."

जन्मात पहिल्यांदा कुणी चारचौघांत धोंडाबाईच्या कामाचं कौतुक करत होतं, आणि तिला वैनीचा गळा दाबावासा वाटत होता.

"परवा म्हणाली मी नाही, तर खोटं," गावकार म्हणाला. "आज म्हणते मीच, तर तेही खोटं. मग हिचं खरं ते कुठलं?"

गावकारानं शिडीकडं पाहिलं.

"ते असो. हिचं नाही ना? मग हरकत मिटली. काशी, उतर. फोड रे ते."

धोंडाबाईनं ओरडायला तोंड उघडलं.

फकीर तिच्याकडं बघत होता.

तिनं तोंड मिटलं. चिखलाचा हात ओठांवर दाबून धरला.

धोंडाबाई गप्प, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं. माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुत्रीही गप्प झाली. राई एवढी शांत झाली की तांबटाची टुक टुक सगळ्यांना ऐकू आली.

आणि मग वरून भाता वाजला.

नर समोरच्या फांदीवर बसला. चोचीत लाल उंबर. खाली माणसं होती, शिडी होती, कोयती होती. तो उतरेना, जाईनाही.

शिडीवर वैनीच्या नाकासमोर चिरेतून चोचीचं टोक बाहेर आलं. थांबलं. वाट बघत राहिलं.

"अगो बाई," वैनी हळूच म्हणाली.

सगळ्यांनी पाहिलं. गावकारानंही पाहिलं. त्यानं घसा साफ केला.

"पाखरू आहे. बरं, मानलं. म्हणून पाखरापायी देवीचं काम अडवायचं?" तो फकिराकडं वळला. "बाबा, तुम्ही राईच्या काठाला राहता. तुम्ही खोटं बोलत नाही. सांगा गावाला. हे लिंपण कुणाचं धरायचं? देवीच्या कामात हे आडवं कोण आलंय?"

फकिरानं वर पाहिलं. चोच अजून तशीच बाहेर होती...

"जाखाई."