शेगुलाबाईच्या नावाने न घातलेली कडी

फार वर्षांपूर्वीची, खाडीवर पूलही नव्हता तेव्हाची गोष्ट. सागवाडीत बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची वस्ती होती. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. म्हातारा बिन्यामीन त्यांचा हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा. त्याला एकुलती लेक, शेगुला. घाण्याच्या बैलामागे फिरताना बाप हिब्रू प्रार्थना गाई, आणि बापामागे लेक. असं म्हणतात, बैलसुद्धा आमेनला थांबायचा! पण प्रार्थनाघरात बायकांनी ओटीवरच बसायचं. शेगुलाच्या ते फार जिव्हारी लागे.

दारफळणीचा सण आला. त्या दिवशी सगळे उपास करून, दारं मिटून देवापुढे बसतात. सूर्य बुडताना स्वर्गाचं दारही मिटतं. त्याआधी शेवटची प्रार्थना पुरी झाली नाही, तर वर्षभराच्या चुकांची माफी हुकते. नेमका ती प्रार्थना अर्ध्यावर असताना बिन्यामीनचा घसा बसला. बाकीच्यांना नुसतं आमेन येत होतं. तेवढं मात्र खणखणीत.

ओटीवरून शेगुला म्हणाली, "मुकादमकाका, फुडचं मला येतं."

वस्तीचे मुकादम उसळले. "बाईमाणसानं फुडं उभं राहायचं नाय! देव ऐकायचा नाय!" आणि त्यांनी आतून कडी घातली.

शेगुलाचे डोळे भरले. पण बापाची प्रार्थना अर्धी टाकून ती रडत बसली नाही. बंद दाराकडे तोंड करून, बाप थांबला होता तिथूनच तिने उचललं. असं म्हणतात, सूर्य माडाच्या शेंड्यावर अडकून राहिला. भरती किनाऱ्याशी थबकली. आणि मुकादमांनी स्वतः घातलेली कडी आपोआप निघाली, दार सताड उघडलं.

मुकादमांनी निघालेली कडी हाताने चाचपून बघितली. मग बाजूला होऊन म्हणाले, "देवानं ऐकलं गो. ये, बापाच्या जागी उभी राहा."

बिन्यामीनने आपली प्रार्थनेची शाल तिच्या खांद्यावर घातली. तिने प्रार्थना पुरी केली, तेव्हा कुठे सूर्य बुडाला.

पुढे मरेपर्यंत शेगुलाबाईच सागवाडीची हजान. लग्नं तिने लावली, मयतांवर प्रार्थना तिने म्हटल्या. बाई हजान बघून हसायला आलेले लोक आमेन म्हणून परत जात.

सागवाडीत आजही दारफळणीला दारं मिटतात, पण कडी कुणी घालत नाही. शेवटची प्रार्थना गावातली एक मुलगी ओटीवरून सुरू करते आणि गात गात दार ढकलते. आतले सगळे पुरुष उठून तिला वाट देतात. सगळ्यांत आधी उठतो तो मुकादमांच्या घरातला.