वेणूने मागितलेली रिकामी खोली

डोंगराच्या कुशीत एक लहानशी वाडी होती. तिथली माणसं आपलं धान्य आपण पिकवत, कापड विणत, मडकी घडवत आणि संध्याकाळी भजनाला बसत. सगळं एकाच मोठ्या घरात चाले. वादळात ते घर कोसळलं आणि त्याखाली वेणूची आई गेली. तेव्हापासून वाडीत भजन झालं नव्हतं. एकेक जण गाठोडं बांधू लागला होता.

"उद्या मीही निघतो," धोंडूआजोबा कुंभार म्हणाले. "तुला मावशीकडे सोडतो."

"मला नाही जायचं. आई इथं होती."

आजोबांनी सवयीने दोन वाडग्यांत पेज वाढली. एक स्वतःचं, दुसरं आजीचं. आजीही त्याच घराखाली गेली होती.

वेणू रानात गेली आणि बकुळीखाली मातीचं इवलंसं घर करू लागली. तेवढ्यात पानांतून सोनेरी कण झरले. बोटाएवढी, मोरपिशी पंखांची एक परी तिच्या गुडघ्यावर उतरली.

"छप्पर एवढं उतरतं का गं?"

"पावसाचं पाणी हौदात जायला नको? उन्हाळ्यात हंडे घेऊन खाली कोण उतरेल, तू?"

परी हसली. "तुझ्या तीन गोष्टी मी खऱ्या करीन. पण आधी मातीत घडवून दाखव. फक्त स्वतःसाठी मागितलंस तर माती विरघळेल. आणि गेलेलं माणूस मला आणता येत नाही."

"ते मला माहीत आहे," वेणू म्हणाली.

पहिल्यांदा तिने हौदाकडे उतरतं छप्पर दाखवलं. मग मधोमध चूल, एका अंगाला माग, दुसऱ्या अंगाला कुंभाराचं चाक. काम करताना कुणी एकटं पडू नये म्हणून. तिसऱ्यांदा तिने आईची मागाजवळची जागा केली. तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असं ती मनात म्हणाली. माती तिच्या बोटांतून पाण्यासारखी ओघळली.

वेणू बराच वेळ ओले हात मांडीवर ठेवून बसली. मग तिला ते दुसरं वाडगं आठवलं.

तिने एक गोल खोली केली. आत काहीच नाही. भिंतीलगत बसायला ओटा आणि मावळतीकडे एक चिमुकली खिडकी.

"ही कुणाची?" परीने विचारलं.

"ज्यांचं कुणी गेलंय, त्या सगळ्यांची."

माती विरघळली नाही.

सूर्य कलला तेव्हा वाडीत मोठं घर उभं होतं. परी त्या छोट्या खिडकीत क्षणभर थांबली, केशरी झाली आणि उजेडात मिसळून गेली. उजेड मात्र जमिनीवर तसाच राहिला.

धोंडूआजोबा बांधलेलं गाठोडं दाराशी ठेवून गोल खोलीत आले. त्यांनी दुसरं वाडगं त्या उजेडात ठेवलं आणि ओट्यावर बसले. हळूहळू बाकीचेही आले. बऱ्याच वेळाने आजोबांनी फाटक्या आवाजात भजन धरलं.

ते संपल्यावर दाराशी ठेवलेल्या गाठोड्याच्या गाठी त्यांनी सोडल्या.

"वेणू, सकाळी लवकर ये," ते म्हणाले. "माती भिजवायची आहे."