एकोणीस उखळे

चंपकवाटी नगरीवर राजा सुयामाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका पाथरवटाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव पूर्णक.

नगराबाहेर मोठे तळे होते. राजाच्या आजोबांनी ओढ्याला बांध घालून ते केले, आणि पाणी अडवायला बांधाची दारे पहिल्यांदा लावली ती पूर्णकाच्या आजोबांनी. म्हणून दर वैशाखात तळ्याच्या उत्सवात पहिला हार पूर्णकाच्या घराला मिळे. पूर्णकही तो छाती फुगवून मिरवी बरं का! बोधिसत्त्व झाला म्हणून काय, अज्ञान कुणाला चुकले आहे?

वैशाखात पाणी आटले की तळाशी एक सपाट खडक उघडा पडे. त्यात एकोणीस गोल खळगे होते. तळ्याची देवी तिथे हळद कुटते, असे सगळे नगर मानी, आणि नव्या सुना त्या खळग्यांत हळद वाहत.

त्या वर्षी उत्सवाच्या आधी राजाने पूर्णकाला बोलावले. म्हणाला, "बांधावर लेख कोरायचा. इथे ओसाड रान होतं, आमच्या आजोबांनी त्याचं तळं केलं, असा. हातात सोन्याचं कडं घालीन तुझ्या."

पूर्णक खुशीतच दगड निवडायला तळात उतरला. पाहतो तो खडकावर एक म्हातारी बसलेली, आणि पदराने एका खळग्यातली हळद पुसून टाकतेय.

"अहो आजी, देवीची हळद ती!"

"कसली देवी न्‌ कसलं काय! माझ्या आईचं उखळ आहे हे."

पूर्णकाने खळग्यात हात घातला. पाण्याने झिजलेला दगड वेगळा आणि मुसळाने झिजलेला वेगळा, हे त्याच्या बोटांना लगेच कळले. इतकी वर्षे तो लांबूनच नमस्कार करून परतत होता. हात घालून पाहावे, असे कधी मनातही आले नव्हते.

म्हातारीचे नाव सावरी. ती सांगू लागली, "इथं एकोणीस घरं होती आमची. पीक काढा न्‌ मग निघा, असा तेव्हाच्या राजाचा शब्द होता. पण तळं भरायचा मुहूर्त म्हणे आधीचा निघाला. दारं लावली, तेवढ्यात डोंगराचा लोंढा आला. मी टेकडीवर शेळ्यांमागं होते, म्हणून उरले."

पूर्णकाने विचारले, "दारं कुणी लावली, ठाऊक आहे?"

"नाव नाही ठाऊक. पण लावल्यावर त्याच्या गळ्यात हार घातला, ते मी वरून पाहिलं."

पूर्णकाचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला. तिथे काही नव्हते, तरी गेला. "ते माझे आजोबा होते," तो कसाबसा म्हणाला. सावरीने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि ती पुन्हा हळद पुसू लागली. तिने चार शिव्या दिल्या असत्या, तर बरे वाटले असते त्याला.

तो तसाच राजाकडे गेला आणि सगळे सांगून म्हणाला, "ओसाड रान असं मी कोरणार नाही."

राजा लालबुंद झाला. "मी तेव्हा जन्मलोही नव्हतो! माझा काय दोष?"

"मीही नव्हतो, महाराज. पण हार मी घेतला, आणि पाणी आपण रोज पितो. आजोबांचं चांगलं तेवढं आपलं, आणि वाईट कुणाचंच नाही होय?"

"आजोबांचं नाव मातीत घालतोस? उत्सवापर्यंत लेख झाला नाही, तर हात तोडीन तुझे!"

उत्सव आला. दगड कोराच होता. बांधावर सगळ्या नगरासमोर हाराचे तबक पुढे आले आणि सवयीने पूर्णकाची मान वाकली. वाकली, ती लाजेने तशीच राहिली. त्याने हार घेतला नाही. दोन्ही हात पुढे धरून तो मोठ्याने म्हणाला, "ही देवीची उखळं नव्हेत. माणसांची आहेत. ती माणसं आपण बुडवली. दारं माझ्या आजोबांनी लावली. महाराज, आता हे हात तोडायचे तर तोडा."

"खोटं आहे!" लोक ओरडले. मग हळूहळू ओरडणे थांबले, कारण सावरी आपल्या आईच्या उखळापाशी मुसळ घेऊन उभी होती आणि मुसळ त्यात नेमके बसत होते. कालपर्यंत हळद वाहणाऱ्या बायकांनी तोंडे पदरात लपवली.

राजा बांधावरून खाली तळात उतरला. बराच वेळ त्याच्याने वर बघवेना. मग त्याने खांद्यावरचे उपरणे काढले, गुडघे टेकले आणि शेजारच्या उखळातली हळद तो पुसू लागला. "हे कुणाचं?" त्याने खाली बघूनच विचारले. सावरीने नाव सांगितले. अशी एकोणीस नावे झाली.

लेख पूर्णकानेच कोरला. इथे एकोणीस घरे होती, ती आम्ही बुडवली, आणि खाली नावे. 'आम्ही' हा शब्द राजाने सांगितला. सावरीने क्षमा केली का? ते तिने सांगितले नाही, आणि विचारायचे तोंड राजाला नव्हते. ती मूठभर नाचणी आईच्या उखळात कुटत राहिली, आणि सारे नगर मान खाली घालून तो आवाज ऐकत राहिले.

आपल्या कुळाची जुनी पापे झाकू पाहणाऱ्या सोमिल भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "सोमिला, तो राजा तूच होतास. सावरी म्हणजे आज तुझ्यासमोर बसलेली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी भद्रवती. आणि तो हार वर्षानुवर्षे मिरवणारा पाथरवट मीच." सोमिलाने भद्रवतीकडे पाहिले आणि त्याची मान खाली गेली. तेव्हा शास्ते म्हणाले, "हीच ती ह्री, वाइटाची लाज. सत्य हिच्याच पोटी जन्मते."