ओल्या आत्याचा कडता

कांद्याच्या बाजाराच्या एका गावात गेनबा नावाचा एक भोळा मापाडी होता. गोणी काट्यावर ठेवायची, आकडा ओरडायचा, एवढंच त्याचं काम. सांगितलेलं कधी मोडायचं नाही, हा त्याचा गुण. गावाला त्रास त्याचाच होता.

ठकूआत्याने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिच्यावाचून त्याला कोणी नव्हतं. एकदा आत्याला ओटा चढताना धाप लागली, पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पडद्यावर हृदय पाहिलं नि म्हणाल्या, “हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. हृदय थकलंय, म्हणून अंगात पाणी साठतंय. गोळ्या चुकवू नका, आणि यांच्या जेवणात मीठ टाकू नका.”

गेनबाने चिमूटभरही टाकलं नाही. आळणी भाजी आत्याला गिळवेना, म्हणून तो शेजारी लोणचं, पापड नि खारी मिरची वाढायचा. आठ दिवसांत आत्याचे पाय खांबासारखे झाले.

“मीठ टाकलंत?” बाईंनी विचारलं.

“देवाशपथ न्हाई. लोणच्यात हुतं, पन ते मी न्हाई टाकलं. उन्हाळ्यात आत्यानंच टाकलं हुतं.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “गेनबा, आत आधीच काय आहे ते बघून मग द्यायचं. आणि पाणी दिवसाला दीड लिटर.”

गेनबाने बघितलं. आत आधीच पाणी होतं, बाईच म्हणाल्या होत्या. मग त्याने आत्याला थेंबभरही दिलं नाही. दुसऱ्या दुपारी ती भोवळ येऊन पडली.

“पाणी का नाही दिलं?”

“आत हाय की.”

“अहो, जादा असेल तेवढंच वजा करायचं, सगळं नाही.” मग बाईंना वाटलं, याला याच्याच हातचं काम द्यावं. “तुम्ही मापाडी ना? रोज सकाळी यांचं वजन करून वहीत लिहा. बावन्न हे यांचं बरोबर वजन. दोन किलो वाढले की ते पाणी समजा, नि लगेच घेऊन या.”

गेनबा हरखला. बाजारात माल ओला आला, की पाण्यापोटी काही किलो कापून वजन लिहायची रीत. त्याला कडता म्हणतात. चौथ्या दिवशी काट्याने आत्या चौपन्न दाखवली. जादा दोन, म्हणजे पाणी. जादा पाणी वजा करायचं हे बाईंनीच शिकवलेलं. त्याने लिहिलं, बावन्न. मग छप्पन्न आली, चार कापले. सत्तावन्न आली, पाच कापले. इतकी देखणी वही अख्ख्या बाजारात नव्हती.

आत्याला आता आडवं होता येईना. भिंतीला टेकून ती धापा टाकत म्हणाली, “गेन्या, जीव चाललाय माझा. दवाखान्यात ने.”

“आत्ये, वजन हाय तेवढंच हाय. उगं भिऊ नगं.”

शेवटी शेजारच्या हमालांनी तिला हातगाडीवर घालून नेलं. बाईंनी शर्थ केली. सहा दिवसांत आत्या उठून बसली नि चहा पांचट आहे म्हणून भांडली. ते ऐकून गेनबा दाराआड जाऊन ढसाढसा रडला.

निघताना बाई म्हणाल्या, “पाच किलो पाणी काढलंय. पुन्हा वाढलं तर या वेळी थांबू नका.”

गेनबाने वही उघडली. बावन्नातून पाच गेले, राहिले सत्तेचाळीस. खात्री करावी म्हणून त्याने दवाखान्याच्या दारातल्या काट्यावर आत्याला उभं केलं. बावन्न. त्याचे डोळेच पांढरे झाले. त्याने क्षणभरही दवडला नाही. आत्या हातपाय झाडत शिव्या घालत होती, तरी त्याने तिला उचललं नि पुन्हा खाटेवर नेऊन ठेवलं.

“बाई, या खेपेला थांबलो न्हाई,” तो म्हणाला. “दाराशी जाईस्तवर पाच किलोनं वाढली.”