उकिरड्यावरचे पाकीट

एकदा एका गावात आश्विनाचे ऊन असे तापले होते, की सकाळी नऊलाच ओसरीच्या फरशीवर पाय ठरत नव्हता. वारा पडलेला. अशा वेळी एका वृद्ध बाबांचा शिष्य तुळशीला पाणी घालत होता, तोच मिरचीच्या व्यापाऱ्याचा गडी धापा टाकत आला.

“शेठ उठत नाहीत. पहाटेपासून उलट्या. हाक मारली तर नुसते बघतात.”

शिष्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

बाबा शाळेत गेलेले नव्हते, पण व्यसने सोडवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. रीत एकच. माणसाला देवळातल्या समईसमोर उभे करायचे, तंबाखूची डबी उकिरड्यावर फेकायला लावायची आणि म्हणायचे, “सोडायचं ते एका दमात.” चार दिवसांपूर्वी बाबा परगावी असताना शिष्याने हीच रीत व्यापाऱ्यावर चालवली होती. दम्यासाठी डॉक्टरांनी आठवडाभरापुरती दिलेली गोळी व्यापारी दोन वर्षे परस्पर दुकानातून आणून रोज घेत होता. तोंड सुजून गोल झाले होते, कातडी पातळ. “हेही व्यसनच, शेठ,” शिष्य म्हणाला. शेठने शपथ घेऊन पाकीट फेकले. ते पाहून शिष्याच्या शेजारचा तांबट आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिची संधिवाताची गोळी तीच होती, तीही कित्येक वर्षांची. तिनेही शपथ घेतली. त्या दिवशी शिष्याला फार कृतार्थ वाटले होते.

आता कालच परतलेले बाबा आणि शिष्य दोघे निघाले. बाबांनी वाटेत सगळे ऐकून घेतले. पण शेठच्या घराकडे न वळता ते देवळामागच्या उकिरड्यात शिरले आणि धोतर खोचून दोन्ही हातांनी केर उपसू लागले.

“बाबा, तिकडे माणूस जातोय.”

“म्हणूनच. तू नीट आठव, कुठं फेकलं?”

पाकीट सापडले. ते पंच्याच्या टोकाला बांधून, शेठना जीपमध्ये आडवे घालून सगळे तालुक्याच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी पाकीट वाचले, नाडी पाहिली.

“किती दिवस घेत होते? बंद कधी केली?”

बाबांना उत्तर ठाऊक होते, पण त्यांनी शिष्यालाच पुढे केले.

“दोन वर्षं,” शिष्य म्हणाला. “चार दिवसांपूर्वी बंद केली. मी करायला लावली.”

बाईंनी लगेच सुई टोचली, सलाईन लावले. दोन तासांनी शेठनी डोळे उघडून पाणी मागितले.

“सुईत काय होतं?” शिष्याने भीत भीत विचारले.

“त्याच जातीचं औषध. गोळी उद्यापासून परत सुरू. मग कमी मी करीन, महिने लावून, थोडी थोडी.”

व्हरांड्यात आल्यावर शिष्य म्हणाला, “बाबा, जे आपण फेकलं, तेच परत दिलं?”

बाबा सावकाश खाली बसले. “माझा थोरला भाऊ असाच गेला. काय बंद केलंय, ते दवाखान्यात सांगायला कोणी नव्हतं. मागाहून एका डॉक्टरांनी मला समजावलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. ताप आला, धक्का बसला, तर त्यांच्याच रसावर देह उभा राहतो. तोच रस गोळीतून आयता येत राहिला, की त्या निजून जातात. तंबाखू म्हणजे घरात घुसलेला चोर, तो एका दमात हाकलावा. ही गोळी म्हणजे वाशाला लावलेला टेकू. आतला खांब पुन्हा उभा राहीपर्यंत टेकू बोटाबोटानं सरकवायचा असतो. चूक तुझी एकट्याची नाही. चोर कुठला नि टेकू कुठला, हे मी तुला कधी शिकवलंच नाही.”

शिष्य ऐकत होता. एकाएकी त्याचा चेहरा पांढरा पडला. तांबटाची आई.

मिळेल त्या गाडीने तो गावात परतला आणि चालला नाही, पळाला. तांबट दारात घागर ठोकत बसला होता. शिष्याला दम लागून शब्द फुटेना. “आई... आईच्या गोळ्या...”

तांबटाने हातोडी ठेवली आणि मान खाली घातली.

“रागावू नका, महाराज. म्हातारीनं त्या फेकल्याच नाहीत. तांदळाच्या डब्यात दडवल्यात. रोज तुमच्या नावानं हात जोडून माफी मागते, नि एक घेते.”