हिरवी पडलेली चांदी

संस्थान लहान असलं तरी त्याची स्वतःची टांकसाळ होती, आणि तिचे दरोगा, म्हणजे मुख्य अधिकारी, त्र्यंबकराव आपला शब्दही नाण्याइतकाच खणखणीत समजत. राजवाड्याच्या देवघरात लक्ष्मीपूजनाला पंचामृतात न्हाऊ घातलेली नाणी देवदिवाळीला पाहिली, तर काहींवर हिरवे डाग.

"टांकसाळीतून निव्वळ चांदी दिली होती, महाराज," दरोगा म्हणाले. "मावशींच्या हयगयीनं बिघडली. देवघराच्या किल्ल्या काढून घ्या."

चिमामावशी महाराजांच्या विधवा मावशी. किल्ल्या गेल्या, तर राजवाड्यात त्यांना कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी नाण्यांचा डबा शांतपणे पुढे केला.

"थोरल्या महाराजांच्या वेळची नाणी याच पंचामृतात न्हाली. ती नुसती काळवंडलीत. हिरवी पडली ती यंदाची. चांदी काळी पडते, हिरवं पडतं ते तांबं. दरोगासाहेबांची चांदी निव्वळ होती, तर हे तांबं माझ्या दह्यादुधातून निघालं म्हणायचं. मग मला देवघरात कशाला ठेवता? तांब्याची खाण म्हणून टांकसाळीतच नेऊन बसवा."

महाराजांनी दरोगांकडे पाहिलं.

"नाणं टणक व्हावं म्हणून थोडं तांबं घालतातच," दरोगा पुटपुटले.

"एवढं आधीच सांगायचंत," मावशी म्हणाल्या. "चिंचेच्या पाण्यानं मी डाग केव्हाच काढले असते."