शाकंभरीची अंगठी

एका राज्यात राजा सिंहासनावरच गाढ झोपी गेला. कालंजन मांत्रिकाचा शाप होता तो. राजसभा ओस पडली, नवा कायदा करणारे कुणी उरले नाही. मग मांत्रिकाने न्यायाधीश शाकंभरीच्या बोटात एक अंगठी चढवली. म्हणाला, "आता तू बोलशील तो कायदा." अंगठी काही केल्या निघेना.

पहिला तंटा दोन भावांच्या विहिरीचा. धाकटा पाण्याची नासाडी करी, म्हणून शाकंभरीने विहीर थोरल्याला दिली. उजाडताच राज्यातली प्रत्येक विहीर थोरल्यांची झाली. धाकट्यांची लेकरे तहानेने रडू लागली.

दुसरा तंटा नावाड्याचा. भर पुरात नाव घालून त्याने माणसे बुडवली होती. "तुझी नाव पाण्यात जायची नाही," ती म्हणाली. त्याच क्षणी साऱ्या नद्यांवरच्या नावा काठाला चिकटल्या. पैलतीरी वैद्यावाचून माणसे मेली.

शाकंभरीचे केस पांढरे झाले. तोंड उघडायचेही तिला भय वाटे.

तिसरी आली मृणावती. नवरा परमुलखात वारलेला. आणि परमुलखात मेलेल्याचे शेत सरकारजमा, असा जुना कायदा.

"आईसाहेब, एक शब्द बोला. पोरं उपाशी आहेत."

शाकंभरीचे ओठ हलले. तोच न्यायसभेच्या कमानीवर बसलेला एक धनेश पक्षी बोलला, "राजाचे काम दुसरे कुणी करते आहे, तोवर राजा कशाला जागा होईल?"

"आणि हिची पोरं?" शाकंभरीने विचारले.

पक्षी उडून गेला.

शाकंभरी मृणावतीकडे वळून म्हणाली, "बाई, कायदा वाईट आहे. पण नवा करणे माझे काम नव्हे. समोर आलेल्यांचा निवाडा करावा, एवढाच माझा अधिकार."

मृणावती तिच्या पायाशी थुंकली.

अंगठी गळून पडली. नावा पाण्यावर डोलू लागल्या, विहिरी ज्याच्या त्याला मिळाल्या. राजाने डोळे उघडले.

शाकंभरीने मृणावतीला हाताला धरून दरबारात नेले. "महाराज, मी थकले. कायदा तुम्ही करा. आणि ज्यांना तो पाळायचा, त्यांना विचारून करा."

गावोगावची माणसे जमली, पुष्कळ भांडली, आणि कायदा बदलला. शेत परत मिळाले. पेरणीचे दिवस मात्र सरले होते. शाकंभरीने स्वतःच्या कणगीतले धान्य पाठवले. मृणावतीने ते मुकाट्याने उतरवून घेतले.

शाप सरला, राज्याची घडी बसली. शाकंभरी पुन्हा न्यायासनावर बसली, आणि एका वेळी एकच तंटा ऐकू लागली.